चिनी प्रचारचित्र कसे वाचावे

बाबूराव पेंटरांच्या काळापासून चित्रपटाची पोस्टर पाहत आलेल्या कोल्हापुरातील कलाविद्यार्थ्याची नजर कोणत्याही पोस्टरमध्ये आधी नायकाच्या चेहऱ्याकडे जाते. चिनी साम्यवादी प्रचारचित्र हाती घेतल्यावर मात्र ती सवय बाजूला ठेवून खालच्या कडेपासून सुरुवात करावी. तेथे बारीक अक्षरांत चित्रकार, प्रकाशनसंस्था, छपाईचे वर्ष आणि किंमत बहुधा दिलेली असते. घोषणेचा अर्थ मोबाइलवरील भाषांतराने कामापुरता कळतो.

त्यानंतर वर्ष आणि शैली यांचा मेळ घालावा. १९५०च्या दशकातील चित्रांत गुबगुबीत मुले, भाजीपाला आणि हसऱ्या शेतकरी स्त्रिया दिसतात, कारण शांघायमध्ये पूर्वी सिगारेटच्या जाहिरातींची कॅलेंडरे रंगवणारे जिन मेशेंग, ली मुबाई यांच्यासारखे चित्रकारच १९४९ नंतर नव्या सत्तेसाठी काम करू लागले होते. कोळशाची पूड घासून त्यावर जलरंगाचे हात देण्याची त्यांची पद्धत त्वचेच्या मऊपणात आजही ओळखू येते. १९६६ नंतर, माओंनी विरोधकांविरुद्ध छेडलेल्या सांस्कृतिक क्रांतीत, लाल रंग चित्र व्यापतो आणि माओंचा चेहरा स्वतःच प्रकाशाचा उगम असल्यासारखा रंगवला जातो. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक व्यक्तीच्या नजरेची दिशा आणि सावलीची बाजू आखली, तर ही रचना उघड होते.

खरी मेहनत पुढे आहे, आणि ती म्हणजे चित्रात कोण नाही हे शोधणे. ल्यू चुन्हुआ यांच्या १९६७च्या गाजलेल्या चित्रात निळ्या झग्यातील तरुण माओ हातात छत्री घेऊन आन्युआनच्या कोळसा खाणींकडे निघालेले दिसतात. तेथील १९२२च्या संपाचे नेतृत्व करणाऱ्यांत पुढे चीनचे राष्ट्राध्यक्ष झालेले ल्यू शाओची प्रमुख होते. परंतु चित्र रंगवले गेले तेव्हा त्यांची राजकीय गच्छंती चालू असल्याने श्रेय एकट्या माओंकडे गेले. या चित्राच्या ९० कोटी प्रती निघाल्याचे सांगितले जाते. दोंग शीवेन यांच्या १९५३च्या, प्रजासत्ताकाच्या स्थापनेवरील चित्रातून तर आधी पक्षनेते गाओ गांग आणि पुढे ल्यू शाओची पुसले गेले. अशा चित्राच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकट्या आवृत्तीवरून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

मूळ प्रत विकत घेताना भिंगातून छपाई तपासावी, कारण घरगुती प्रिंटरचे विस्कळीत ठिपके आणि ऑफसेटच्या ठिपक्यांची नियमित जाळी यांत फरक दिसतो. कागद पातळ असल्याने त्याला लॅमिनेशन करू नये, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेने तो काचेला चिकटू नये म्हणून चौकटीत काच व कागद यांमध्ये अंतर ठेवावे. माओंच्या शेजारी त्यांचे घोषित वारसदार लिन ब्याओ असतील आणि छपाईचे वर्ष १९७२ किंवा त्यानंतरचे असेल, तर प्रतीबद्दल शंका घ्यावी, कारण सप्टेंबर १९७१ मध्ये लिन यांचा मृत्यू झाल्यावर ते देशद्रोही ठरले. उलट त्याआधीच्या प्रतीवर त्यांचा चेहरा शाईने खोडलेला आढळला, तर तो डाग काढू नये. भीतीपोटी कोणा मालकानेच तो खोडलेला असण्याचा संभव मोठा आहे.