हळदीचा कंटेनर बंदरात अडकू नये म्हणून

सांगलीच्या मार्केट यार्डात अकरा वर्षं मी हळदीच्या निर्यातीचे कागद बघतोय. कंटेनर अडकला की सगळे न्हावा शेवा बंदराकडे बोट दाखवतात. मला मात्र बहुतेक वेळा गाठ आपल्याच टेबलावर सापडली.

दोन वर्षांपूर्वी 25 किलो भरतीची 560 पोती पाठवली. निव्वळ वजन 14,000 किलो. पोत्याचं बारदान 100 ग्रॅम, म्हणून एकूण 14,056. इनव्हॉइस बरोबर, पॅकिंग लिस्ट बरोबर. फायटोसॅनिटरीच्या (मालात कीड-रोग नसल्याच्या दाखल्याच्या) अर्जात निव्वळच्या रकान्यात आमच्याकडून 14,056 पडलं. त्या 56 किलोपायी कंटेनर तीन दिवस थांबला, जहाज चुकलं. खरेदीदाराला फोन करताना जीभ उचलत नव्हती.

तेव्हापासून पोती भरायच्या आधी मी एकच कागद करतो : खरेदीदाराचं नाव-पत्ता त्याच्या ऑर्डरमधल्या स्पेलिंगनं, एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक; हळदीचा 091030 पासून सुरू होतो), पोती, दोन्ही वजनं, लॉट नंबर. बाकी सगळं यावरूनच उतरवायचं, पोत्यावरचा छापासुद्धा. इनव्हॉइसवरून पॅकिंग लिस्ट, तिच्यावरून अर्ज, असं केलं की चूक पुढे पुढे सरकते.

शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे करायचा अर्ज) दाखल करण्याआधी कस्टम ब्रोकर चेकलिस्ट पाठवतो. ती व्हॉट्सअ‍ॅपवर बघून 'ओके' करू नका. प्रिंट काढा. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पेन्सिलीनं खूण करायची. दहा मिनिटं लागतात. ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन सोयीवर) कागदही तेव्हाच चढवून ठेवावेत.

स्वतःच्या गोदामात सील लावायची परवानगी असेल तर आरएफआयडी ई-सीलचा (कंटेनरला लावायच्या रेडिओ चिपच्या सीलचा) फोटो काढा आणि नंबर त्या फोटोवरूनच कळवा, आठवणीतून नको.

वर्षाची कामं थोडी आहेत, पण चुकली तर सगळंच थांबतं. आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड) दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अपडेट करायचा, काही बदललं नसलं तरी. नाहीतर तो बंद पडतो. एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नवं. मसाले मंडळाच्या नोंदणीची मुदत बघायची. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) माल जाणार त्याच बंदरासाठी नोंदलेला हवा.

आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी, जो निर्यातदाराला परत मिळतो) भरून माल पाठवला असेल तर जहाज सुटल्यावरही लक्ष ठेवा. शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज असतो, पण जहाज कंपनीचा ईजीएम (जहाजावर चढलेल्या मालाची यादी) जुळला नाही किंवा जीएसटी रिटर्नमधला इनव्हॉइस नंबर वेगळा निघाला, तर पैसे अडकतात. मी आठवड्याभरानं आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) स्टेटस बघतो आणि घोळ दिसला तर त्याच दिवशी ब्रोकरला फोन लावतो.