झेब्रा हॉवर्थिया ओळखताना या चुका टाळा

काळपट हिरव्या पानांवर पांढरे आडवे पट्टे असलेलं छोटं सक्युलंट (पानांत पाणी साठवणारं झाड) नर्सरीत दिसलं, की कुंडीत हमखास ‘फॅशियाटा’ अशी चिठ्ठी खोचलेली असते. या दोन वेगळ्या जाती, आणि बहुतेक वेळा कुंडीत असते दुसरीच, अ‍ॅटेन्युएटा. मीही माझी पहिली झेब्रा बरेच दिवस त्या चुकीच्याच नावाने मिरवली.

गफलत होते ती फक्त पानाची पाठ, म्हणजे बाहेरची बाजू, बघितल्यामुळे. पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूनेही बोट फिरवा. अ‍ॅटेन्युएटाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत उंचवटे लागतात. फॅशियाटाचं पोट गुळगुळीत असतं, पांढरेपणा सगळा पाठीवर. तिची पानं जाड, आखूड आणि आत वळलेली. पान तोडलं तर आत चिवट तंतू दिसतात. (यासाठी खालचं, जुनं पान घ्या. मधला कोंब कुरतडू नका!)

इथे एक फसगत होते. तहानलेली अ‍ॅटेन्युएटाही पानं मिटून घेते आणि अगदी फॅशियाटासारखी दिसू लागते. म्हणून पाणी देऊन आठवडाभर थांबा, मगच निकाल द्या.

दुसरी चूक नेमकी उलटी: रंग बदलला की नवी जात सापडल्याचा आनंद. एप्रिलच्या उन्हात पानं तांबूस होतात, खोलीच्या कोपऱ्यात तीच हिरवी आणि लांबोडकी. मूळ दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात ही झाडं बऱ्याचदा झुडपांच्या सावलीत वाढतात, तेव्हा कडक ऊन त्यांना नकोच असतं. सकाळचं कोवळं ऊन पुरतं.

खरी विविधता मात्र आहेच, आणि मला तीच जास्त आवडते. ‘रॅड्युला’ म्हणजे लॅटिनमध्ये खरवडणी. त्या प्रकाराच्या पानांवर पट्टे नसतात, बारीक ठिपक्यांची दाट पेरणी असते. ‘ग्लॅब्राटा’चे उंचवटे हिरवेच, त्यामुळे तिला झेब्रा म्हणायला जीभ वळत नाही. पण दोन्ही अ‍ॅटेन्युएटाचेच प्रकार. बाजारातल्या ठळक पांढऱ्या पट्ट्यांच्या कुंड्या निवडून वाढवलेल्या असतात. त्यांच्याशी ताडून बघितलं तर साधं झाड उगाच कमअस्सल वाटतं.

चिठ्ठीवर ‘हॉवर्थिऑप्सिस’ लिहिलेलं असेल तर ती चूक समजून खोडू नका. 2013 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ गॉर्डन राउली यांनी हा गट हॉवर्थियातून वेगळा केला. जुनं नाव अजून बोलण्यात आहे इतकंच.

फुलांवर भिस्त ठेवू नका. फॅशियाटा आणि अ‍ॅटेन्युएटा, दोघींचीही फुलं तारेसारख्या दांड्यावरची, फिकी, इवलीशी.

पावसाळ्यात नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) ठेवलेलं झाड मुळाशी कुजतं. जाड वाळू आणि विटांचा चुरा भरपूर घाला, कुंडी वळचणीखाली सरकवा. आणि पिल्लं वेगळी करताना आईच्या कुंडीतली चिठ्ठी त्याच दिवशी उतरवून घ्या. महिनाभराने सगळ्या कुंड्या सारख्याच दिसतात.