फटींतला हिरवा: माडीची जमीन पॉलिश करताना

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमचा वाडा आहे, त्याच्या माडीला सागवानी फळ्यांची जमीन आहे. मशीन लावून ती घासून घेतली, मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं आणि फटीफटीतून जुना हिरवा ऑइलपेंट डोकावू लागला. तुमच्याकडेही हीच कथा असेल तर सामानाआधी कॅलेंडर बघा. फटी खरवडून उरलेला हिरवा गडद रंगाने झाकायचं हे काम चैत्र-वैशाखातच काढा. बडोद्याच्या पावसाळ्यात फळ्या फुगतात, फटी मिटतात, सगळं झकास दिसतं. उन्हाळ्यात त्याच फळ्या आकसल्या की आतला हिरवा पुन्हा हजर.

मग खालची खोली रिकामी करा. आमच्यासारख्या माडीत फळ्या थेट तुळयांवर ठोकलेल्या असतात, वर खरवडलेलं खाली पडतं. आमच्या खाली स्वयंपाकघर. काकूंनी पिठाचे डबेसुद्धा बाहेर काढायला लावले, आणि बरोबरच होतं त्यांचं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आजोबांच्या काळातल्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. मुलं लांब, तोंडाला एन-९५ मास्क, फटीवर पाण्याचा हलका फवारा मारून मगच खरवडायचं. कचरा ओल्या फडक्याने टिपा, झाडू नको.

हत्यार म्हणजे टोक वाकवून घासलेला जुना स्क्रूड्रायव्हर. हॅकसॉचं ब्लेडही चालतं, पण दाते कडेला लागले की टवका उडतो आणि तो लपवणं त्याहून कठीण. सुटेल तेवढंच काढा. उरलेल्याला काळोखात ढकलायचं आहे.

सुतार म्हणेल, भुसा-गोंद कालवून भरून टाकू. ऐकू नका. फळ्या ऋतूप्रमाणे हलतात, भरलेलं तडकून उखडतं. फारच रुंद फट असेल तर गडद रंगात बुडवून वाळवलेली सुतळी दाबून बसवा.

बाकी फटींना ॲक्रिलिकची बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ट्यूब, त्यात थेंबभर काळा आणि झिरो नंबरचा बारीक ब्रश. सागाशी रंग जुळवायचा मोह होतो. मीही पहिल्या दोन फटी तशा रंगवल्या, तर पुट्टी भरल्यासारख्या दिसू लागल्या! डोळा फटीला सावली समजतो, तेव्हा रंगही सावलीइतका गडद घ्या. कोऱ्या लाकडावर मात्र ब्रश टेकवू नका, रंग रेषांत शिरतो. पॉलिशचा पहिला हात देऊन पूर्ण वाळू द्या, मग कडेवर आलेला रंग ओल्या फडक्याने लगेच निघतो. फडकं बोटाला गुंडाळून फटीला आडवं फिरवा. लांबीच्या दिशेने फिरवलंत तर आतला रंगही ओढला जाईल.

शेवटचा हात देण्याआधी रात्री दिवे मालवा आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. राहिलेले हिरवे ठिपके तेव्हा दिसतात. खडूने खूण करून ठेवा. एकट्या दाराजवळ मला सतरा सापडले.