सेकंड हँड मिनी ट्रॅक्टर घेतलाय? पहिल्या पावसाआधी या चुका टाळा

कार चालवता येते म्हणजे ट्रॅक्टर पण येणार, त्यात काय मोठं, असं म्हणत लोक सीटवर चढतात आणि मग पहिल्या पावसात जे घोटाळे होतात त्यातले बरेचसे याच एका समजातून आलेले असतात. कायद्यानं बघाल तर एलएमव्ही लायसन्सवर मिनी ट्रॅक्टर चालतो, मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाच्या व्याख्येतच ट्रॅक्टर आहे (रिकामं वजन 7500 किलोपर्यंत), पण आरटीओला चालतं म्हणून शेताच्या मेरेला (बांधाला) चालतं असं नाही. कारच्या ज्या सवयी अंगात मुरल्यात त्याच इथं नडतात, आणि जुना ट्रॅक्टर असेल तर आधीच्या मालकाच्या सवयी पण त्यात मुरलेल्या असतात ते वेगळंच.

आपल्याकडे गोव्यात शेताचे तुकडे लहान, वाटा अरुंद, त्यामुळं 15 एचपीचा युवराज 215 किंवा 24 एचपीचा कुबोटा बी2441 असलं काहीतरी जुनं बघून घेणं बऱ्याच जणांना परवडतं. पुढचं सगळं अशा मापाच्या ट्रॅक्टरबद्दल आहे.

बघायला जाताना

कार घेताना आपण किलोमीटर बघतो, इथं तास बघतात. पण अवरमीटर बंद पडलेला, वायर काढलेला, बदललेला असं काहीही असू शकतं, म्हणून त्या आकड्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय, मागच्या हुकाचं भोक गोल आहे की लांबट झालंय, लिफ्टचे (मागचं औजार उचलणारे) हात हलवल्यावर किती खडखडतात ते बघा. मीटरवर 600 तास आणि पेडल गुळगुळीत, असं दिसलं की समजून जा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तापलेला ट्रॅक्टर बघणं. आम्ही दहा वाजता येतो म्हणून फोन केला की मालक साडेनऊलाच चालू करून ठेवतो आणि मग "बघा, एका सेल्फात लागला" म्हणून दाखवतो. पोचल्यावर आधी बॉनेट उघडा, सायलेन्सर इंजिनला जिथं जोडलाय तिथं हात जवळ न्या, गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या आणि मग तुमच्यासमोर स्टार्ट करायला सांगा. थंड इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन गेला तर हरकत नाही, तो येतच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनची भानगड असते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे एअर फिल्टर तुंबलाय नाहीतर डिझेल जास्त जातंय. ऑइलची डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, सरळ घरी या.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या ॲक्सलचं ऑइल पण थोडं सोडून बघा. चिखलणीला वापरलेल्या ट्रॅक्टरची पुढची सील गेलेली असतात आणि आत पाणी शिरून ऑइल राखाडी होतं, हे कोणी आपणहून सांगत नाही. लिफ्टला रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार) लावून वर उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बाकीचं बघत बसा. तेवढ्यात तो जमिनीला टेकला तर हायड्रॉलिकचं काम निघणार. क्लचसाठी सपाट जागेवर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायला सांगा, इंजिन बंद पडलं पाहिजे, घरघरत चालू राहिलं तर क्लच प्लेट संपलीय (ही टेस्ट एकदाच, पुन्हा पुन्हा नको).

बांदा, दोडामार्ग, बेळगाव किंवा कोल्हापूरकडून आणताय तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28, ट्रान्सफरचे 29 आणि 30, आणि आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म 35, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्याच्या नंबरचा ट्रॅक्टर 12 महिन्यांच्या पुढं इथं ठेवायचा असेल तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो.

पाय कुठं ठेवता ते बघा

क्लचवर पाय ठेवून चालवणं. कारमध्ये ट्रॅफिकला ही सवय लागते आणि शेतात नांगर ओढताना तोच पाय हलका टेकलेला असतो, एका सीझनला प्लेट आणि बेअरिंग दोन्ही खातं. ट्रॅक्टरमध्ये क्लच एकतर पूर्ण दाबलेला नाहीतर पूर्ण सोडलेला, मधलं काही नाही. ड्युअल क्लच असेल तर अर्धा दाबल्यावर चाकं थांबतात आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ (औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) पण थांबतो, तो अर्धा कुठं संपतो ते रिकाम्या जागेत बसून पायाला शिकवून घ्या.

दुसरं, चालत्या ट्रॅक्टरवर गिअर बदलणं. जुन्या मिनी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला ते झेपत नाही, कर्रर्र आवाज येतो तो दातांचा असतो. शेतात उतरायच्या आधीच कुठल्या गिअरवर काम करायचं ते ठरवा, हाय-लो लिव्हर लो वर टाका, हँड थ्रॉटल (हाताचा ॲक्सिलरेटर) सेट करा आणि मग निघा. कामाला स्पीड थ्रॉटलनं धरायचा असतो, पायानं कमीजास्त करत बसायचा नसतो.

आणि ब्रेक. उजव्या पायाकडे दोन पेडल असतात, डावीकडचं डाव्या चाकाला, उजवीकडचं उजव्या चाकाला, शेताच्या टोकाला जागच्याजागी वळायला ती सोय आहे. दोन्ही जोडायला एक छोटी पट्टी असते. शेतातून बाहेर पडताना ती पट्टी लावायला विसरलात आणि डांबरी रस्त्यावर उतारावर एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला गरकन फिरून आडवा होतो. म्हणून गेटबाहेर पडायच्या आधी खाली वाकून ती पट्टी हातानं तपासायची, रोज. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायची आयडिया पण कारवाल्यांचीच, इथं उतरताना लो गिअर आणि क्लचपासून पाय लांब.

मडगार्डवर कोणाला बसवू नका. पोरं हट्ट करतात, पोरांचे बाबा पण करतात. सीट एकच आहे.

मेर आणि डोंगर

इथं जरा सविस्तर लिहितो कारण ट्रॅक्टर उलटतो तो इथंच. एका शेतातून दुसऱ्यात जाताना मेर तिरकी ओलांडायची नाही, सरळ काटकोनात, लो गिअर, हळू. पुढची चाकं वर चढली आणि मागची अजून खाली आहेत त्या क्षणी नाक आधीच हवेत असतं, तेव्हा थ्रॉटल दिला तर ते अजून उचलतं. मेर उंच असेल तर दोन घमेली माती दोन्ही बाजूला टाकून उतार करा किंवा रिव्हर्समध्ये चढवा. फावड्याचं पाच मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका.

काजूच्या डोंगरावर नेताय तर आडव्या उतारानं फिरू नका. हे ट्रॅक्टर रुंदीला कमी, म्हणूनच झाडांमधून जातात आणि म्हणूनच आडवे पडतात. वर-खाली सरळ चालवा आणि चढ फारच असेल तर रिव्हर्सनं चढा म्हणजे इंजिनचं वजन उताराकडे राहतं आणि नाक उचलत नाही. फांद्या लागतात म्हणून रोलबार (सीटमागची लोखंडी कमान) दुमडतात, ते ठीक, पण दुमडलेला असताना सीटबेल्ट लावायचा नाही आणि उभा असताना लावल्याशिवाय चालवायचं नाही. हे बरेच जण नेमकं उलट करतात.

ओढायचं काहीही असो, लाकूड, अडकलेली जीप, दुसरा ट्रॅक्टर, दोर फक्त खालच्या हुकाला. टॉप लिंकच्या (औजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा सीटच्या मागं वर कुठं बांधला तर चाकं अडतात आणि पुढचं नाक उचलून ट्रॅक्टर मागं चालवणाऱ्याच्या अंगावर येतो, उडी मारायला वेळ मिळत नाही. चिखलात रुतलं की मागच्या चाकाला ओंडका बांधून काढायची युक्ती गावोगावी सांगतात, ती पण हेच करते. रुतलात तर आधी रोटाव्हेटर बंद करून वर घ्या, जमलं तर रिव्हर्स घ्या, डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं पेडल) दाबा पण सरळ जातानाच, वळायच्या आधी सोडा. चाक नुसतं फिरायला लागलं की थांबा, जितकं फिरवाल तितकं खाली जाणार.

रोटाव्हेटर

पीटीओ 540 आरपीएमवर फिरतो म्हणजे सेकंदाला 9 फेरे. लुंगीचं टोक, खांद्यावरचा पंचा, ओढणी, हातातली दोरी, यातलं काहीही त्या शाफ्टला लागलं तर हात मागं घ्यायला सवड नसते. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर जुन्या ट्रॅक्टरसोबत बहुतेक येतच नाही, ते आधी विकत घ्या. गवत अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मग खाली उतरा.

रोटाव्हेटर खाली असताना रिव्हर्स घेऊ नका, वळताना आधी उचला. पूर्ण वर उचलल्यावर शाफ्टचा सांधा जास्त वाकतो, तेव्हा पीटीओ चालू असेल तर क्रॉस जातो. दुसऱ्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर आणलात तर शाफ्टची लांबी मोजा, लांब असेल तर उचलताना गिअरबॉक्सला ढकलतो आणि तोडतो. आपल्या मोरड (उंचावरच्या) जमिनीत वरवर माती दिसते आणि खाली जांभा असतो, पहिला फेरा उथळ मारून बघा, नाहीतर पात्यांचा खर्च तयार ठेवा.

झुडपं कापायला ग्रास कटर लावला आणि क्लच एकेरी असेल तर अजून एक गंमत आहे. क्लच दाबला तरी जड पातं आपल्या जोरावर फिरत राहतं आणि गिअरबॉक्समधून चाकांनाच पुढं ढकलतं, तुम्ही थांबवताय आणि ट्रॅक्टर चाललाय. पीटीओला ओव्हररनिंग क्लच म्हणून छोटा भाग बसवून मिळतो, तो बसवा.

खाजनात घालणार असाल तर

खाजन म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, त्यांचा चिखल खारट. संध्याकाळी थकून तसाच उभा केला तर रिमचे नट, लिफ्टच्या पिना, बॅटरीचे टर्मिनल सगळं धरतं. त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवा (इंजिन थंड झाल्यावर, आणि प्रेशर पंप सीलवर मारू नका), मग ग्रीस गन घेऊन प्रत्येक निपलला जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत भरा. धुवायचं सगळे करतात, ग्रीस राहतं.

चालूच होत नाही

मेकॅनिकला फोन करायच्या आधी. स्टॉपची (इंजिन बंद करायची) नॉब ओढलेलीच राहिलीय का बघा, हसू नका, हा फोन प्रत्येक मेकॅनिकला येतो. "काका, सेल्फ मारतोय पण लागतच नाय" "स्टॉप आत ढकललास काय रे?" आणि मग पलीकडे शांतता. सेल्फच फिरत नसेल तर क्लच पूर्ण दाबलाय का, पीटीओ न्यूट्रलला आहे का, गिअर पडलेला नाही ना, कारण बऱ्याच मॉडेलला सेफ्टी स्विच असतो. स्विच बायपास करून देतो म्हणणारा कोणी भेटेल, नको म्हणा. नंतर बॅटरीचे टर्मिनल, आपल्या दमट हवेत त्यावर पांढरी-हिरवी पूड येते, गरम पाणी टाकून साफ करा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, थोडं थांबून परत.

सेल्फ जोरात फिरतोय पण लागत नाही, आणि मधे कधीतरी डिझेल संपलं होतं किंवा फिल्टर बदललाय, तर लाइनमध्ये हवा धरलीय. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू थोडा ढिला करा, फीड पंपाचा हँड प्रायमर दाबत रहा, आधी फुसफुस फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, तसं आलं की पंप दाबत असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला पण तेच. फेस थांबतच नसेल तर कुठला तरी पाइप किंवा वॉशर हवा ओढतोय. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या पाइपवर बोट फिरवून गळती शोधू नका, तो फवारा कातडीतून आत जातो आणि वरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, तसं झालं तर लगेच दवाखाना. पावसाळ्यात टाकी रात्री भरून ठेवा, रिकाम्या टाकीत आतून पाणी धरतं.

तापतो, उचलत नाही

तापत असेल तर दहातल्या आठ वेळा रेडिएटरच्या जाळीत वाळलेलं गवत असतं, ते काढा, मग फॅनबेल्ट दाबून बघा, मग कूलंट. गरम असताना झाकण उघडू नका.

लिफ्ट उचलत नसेल तर आधी ट्रान्समिशनचं ऑइल किती आहे ते बघा, बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक त्याच ऑइलवर चालतं. ते बरोबर असेल तर लिव्हर बघा. दोन असतात, पोझिशन (औजार एका उंचीवर धरतो) आणि ड्राफ्ट (ओढीप्रमाणे औजार वर-खाली करतो). रोटाव्हेटरला पोझिशन वापरायचा, नांगराला ड्राफ्ट. नवीन माणूस ड्राफ्टवर रोटाव्हेटर चालवतो आणि तो आपणच वर-खाली होतो म्हणून पंप बदलायला निघतो.

घरी आणल्या आणल्या इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलाच, मालक "परवाच केलंय" म्हणाला तरी. एअर फिल्टर ऑइल बाथ (हवा तेलातून गाळणारा) असेल तर खालची वाटी धुवून खुणेपर्यंतच नवीन ऑइल घाला. हे सगळं मे महिन्यात उरका, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मेकॅनिक फोन उचलत नाही. आणि उचललाच तर "बंद पडला" एवढंच सांगू नका, धूर कुठल्या रंगाचा होता, आवाज बदलून हळूहळू बंद पडला की झटक्यात, काय जोडलेलं होतं, हे सांगा, म्हणजे तो निघतानाच योग्य तो पार्ट घेऊन निघेल.