संस्थेचं लेखन लोकांपर्यंत कसं पोचवावं

आमची संस्था सर्पदंशावर काम करते. सुरुवातीला आम्ही नेमाने लिहायचो, पण वाचायचे ते कार्यकर्ते आणि त्यांच्या घरचे. मथळा असायचा ‘सर्पदंश जनजागृती कार्यक्रम उत्साहात संपन्न’. मग एका पाड्यावर कार्यक्रम आवरताना एका मावशींनी विचारलं, “झोपेत मण्यार चावला तर कळतं का हो?” आमच्या तोवरच्या एकाही लेखात याचं उत्तर नव्हतं. कुठल्याही छोट्या संस्थेने सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं.

आधी प्रश्नांची एक वही ठेवा. फिरतीवरच्या प्रत्येकाने लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून आणायचे. सुधारून लिहायचे नाहीत. महिन्याभरात वीसपंचवीस प्रश्न सहज जमतात. जो पुन्हापुन्हा येतो, त्यावर पहिला लेख. मावशींच्या प्रश्नावर आम्ही लिहिलं: मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही. सूज नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, पुढे श्वास अडकतो. म्हणून मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. मथळा दिला, ‘जमिनीवर झोपता? मच्छरदाणी अशी खोचा’. संस्थेचं नाव अगदी शेवटी, एका ओळीत. अध्यक्षांचं मनोगत, दीपप्रज्वलनाचा फोटो, पाहुण्यांची यादी हे वार्षिक अहवालात शोभतं. वाचकाला त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

लिहिलेलं जाणकाराकडून तपासून घ्या. आमचा प्रत्येक मजकूर सर्पदंशाचे रुग्ण हाताळणारे डॉक्टर वाचतात. ‘घट्ट बांधा’ किंवा ‘कापून रक्त काढा’ असला एक चुकीचा सल्ला जिवावर बेततो. तुमचं काम शिष्यवृत्तीचं असो की पाण्याचं, हा टप्पा वगळू नका. रुग्णाची गोष्ट सांगायची तर नाव आणि फोटोसाठी त्याला स्पष्ट विचारा. लहान मुलांची ओळख देऊच नका.

वेळ साधा. नागपंचमीला सगळेच सापांवर बोलतात, त्या गर्दीत आपलं कोण ऐकणार? आमचं वेळापत्रक शेतीवर चालतं. मच्छरदाणीचा लेख पावसाच्या तोंडावर, भातकापणीआधी घोणसेचा, गवत-सरपण काढायच्या दिवसांत हातमोजे आणि बुटांचा. तुमच्या वाचकाचं वर्ष कसं चालतं ते कागदावर मांडा आणि प्रत्येक लेख गरजेच्या पंधरा दिवस आधी बाहेर काढा.

व्हॉट्सॲपवर मजकूर पूर्ण द्या. नुसती लिंक पाठवली की फार थोडे लोक ती उघडतात. पहिल्या तीन ओळींत मुद्दा आला पाहिजे, कारण मोठा मेसेज पूर्ण दिसत नाही, शेवटचा भाग दुमडला जातो. आमची पहिली ओळ ठरलेली असते: ‘साप चावला? बांधू नका, कापू नका, 108 ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा.’ ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर एक अडचण आधीच ध्यानात घ्या. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यांनाच तो मेसेज पोचतो. आमचे कितीतरी मेसेज असे वाया गेले. आता कार्यक्रम संपला की कार्यकर्ते लोकांमध्ये फिरून नंबर तिथल्या तिथे सेव्ह करून देतात. अर्थात ज्यांची इच्छा असेल त्यांनाच. न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका, लोक चिडतात आणि ते बरोबरच आहे.

आपल्याहून जास्त विश्वासाच्या माणसांच्या हाती द्या. आमचा लेख सर्वांत दूर नेला तो गावोगावच्या आशाताईंनी. त्यांच्या मासिक बैठकीत पाच मिनिटं मागून घ्या. एका पानाची ठळक अक्षरातली प्रत दूध संकलन केंद्रावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, वाचनालयात लावा. दूध घालायला आलेला माणूस रांगेत उभा असतो, तो भिंतीवरचं वाचतोच. तालुक्याच्या वार्ताहराला अडीचशे शब्दांत आटोपशीर मजकूर आणि एक चांगला फोटो द्या. परिसरात सामुदायिक रेडिओ असेल, जसं म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, तर तिथे जाऊन भेटा. वाचता न येणाऱ्यांपर्यंत तुमचा लेख तिथून आवाजात जातो.

परिणाम गावात जाऊन पाहा. किती जणांनी पाहिलं हा आकडा फारसं काही सांगत नाही. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारतो: दंशाचे रुग्ण किती वेळात आले, आधी मांत्रिकाकडे गेले होते का, अंगाला दोरी बांधलेली होती का. जिथून अजून दोऱ्या बांधून लोक येतात, त्या गावात कागद पुन्हा लावायचा, आणि या वेळी सरपंचांना सोबत घेऊन.

जुना लेख पुन्हा पाठवायला संकोच करू नका. मावशींच्या प्रश्नावरचा तो लेख आम्ही दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो. डॉक्टर एकदा नजर घालतात, आम्ही दवाखान्याचा फोन नंबर लावून पाहतो, आणि तो निघतो.