आण्णांचा अडकलेला हप्ता कसा सुटला

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या नर्सरीत टोमॅटो-मिरचीची रोपं विक्रीला तयार होती. गिऱ्हाईकच येईना. रोपं ट्रेमध्येच लांबली, पानं पिवळी पडली, कोकोपीटच्या तळातून मुळ्या बाहेर डोकावू लागल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली ती रोपं उकिरड्यावर टाकताना आण्णा गप्प होते.

नर्सरीच्या नुकसानीचं आम्हाला काही मिळालं नाही. पण केंद्राच्या पीएम-किसान या शेतकरी मदत योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच देणार असं सरकारनं जाहीर केलं होतं. शेजाऱ्यांचे जमा झाले, आण्णांचे नाही. १ डिसेंबर २०१९ पासून आधार पडताळणी सक्तीची झाली होती, आणि घोळ तिथेच होता.

पोर्टलवर ‘फार्मर्स कॉर्नर’मध्ये आधार क्रमांक टाकून स्थिती पाहिली. आधारवर ‘दत्तात्रय’, अर्जात ‘दत्तात्रेय’! एका मात्रेनं पैसे अडवले होते. तिथेच आधार दुरुस्तीचा पर्याय होता. कार्ड समोर धरून एकेक अक्षर जुळवत नाव बदललं. पासबुकावरचा खाते क्रमांक, आयएफएससीही ताडून पाहिला. काही आठवड्यांनी मेसेज आला. त्याच पैशांतून आण्णांनी सगळ्यात आधी मिरचीचं बी आणलं.

तुमचा हप्ता अडकला असेल तर आधी नावाचं स्पेलिंग बघा, हेलपाटे नंतर.