हेपॅटायटिस बी चं औषध वुडचकवर कसं तपासायचं

हेपॅटायटिस बी चा व्हायरस साध्या उंदराला लागतच नाही, म्हणून वुडचक घ्यायचा, खारीच्या कुळातला अमेरिकेतला जाडजूड प्राणी, त्याला याच व्हायरसचा सख्खा भाऊ शोभेल असा व्हायरस होतो आणि पुढे लिव्हरचा कॅन्सरसुद्धा होतो.

आधी एथिक्स कमिटीची परवानगी. मग पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच इन्फेक्शन द्यायचं, कारण मोठ्या प्राण्यातून व्हायरस बहुतेक वेळा आपोआप निघून जातो. वर्षभराने ज्यांच्या रक्तात व्हायरस टिकलाय तेवढेच घ्या, आणि ग्रुप पाडताना व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, दोन्हीकडे सारखा हवा बरं का, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. एका ग्रुपला औषध, दुसऱ्याला नुसतं ज्यात औषध कालवलंय ते द्रावण. दर आठवड्याला रक्त आणि वजन, पण वजन ऋतूप्रमाणे पण बदलतं म्हणून कंट्रोलशी, म्हणजे औषध न दिलेल्या ग्रुपशी, ताडून बघा.

औषध लवकर थांबवू नका, हे मी कळकळीने सांगतोय. १९९३ साली अमेरिकेत फायलुरिडिन या हेपॅटायटिस बी वरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये १५ पैकी ५ पेशंट गेले, आधीच्या प्राण्यांच्या टेस्टमध्ये हे दिसलंच नव्हतं. नंतर वुडचकला तेच औषध रोज दिलं तेव्हा पहिले काही आठवडे सगळं ठीक, मग खाणं सुटलं, वजन उतरलं, लिव्हर गेलं.

डोस संपल्यावरही रक्त तपासत राहा, पेशीच्या केंद्रकात व्हायरसचा गोल डीएनए दडून बसतो आणि लोड परत वर येतो.